ओटीचा पीस

बोरीच्या बाजारगल्लीत सिद्धम्मा शिलाई करते. तिच्याकडे बाया 'पीस' घेऊन येतात. 'कापड' म्हणणारी एखादी म्हातारीच. शेजारचा मोबाइलवाला गिऱ्हाइकाला 'शेवटचा पीस हाय' म्हणतो, आणि कुणी तऱ्हेवाईक माणूस दिसला की गल्ली हसते, 'लय भारी पीस हाय!' ओटीचा पीस मात्र वेगळा. तो सहसा कुणी शिवत नाही. या घरातून त्या घरात फिरत राहतो. म्हणून दुकानदार आधीच विचारतो, "द्यायचा दाखवू का शिवायचा?"

नातवाच्या बारशाला सिद्धम्माने दोन्ही आणले होते. पाहुण्या बायांना शिवायचे, गल्लीतल्यांना द्यायचे.

त्यातलाच हिरवा पीस घेऊन समोरची धुरपताबाई दुकानात आली. "ताई, निकिताच्या लग्नात ह्योच घालणार. पेटीत जपून ठिवलाय."

"अगं, दुसरा घे की. ह्याचा रंग..."

"रंगाला काय झालं? लेकीच्या लग्नात तुमी दिलेलं अंगावर पायजे."

सिद्धम्माने कापून बाही जोडायला घेतली, तर शिवणीवरच कापड विरलं. तिचे कान तापले. बारशासाठी विकत घेतानाच बोटांना कळलं होतं. तरी घेतलं होतं. तिने गुपचूप तशाच रंगाचं चांगलं कापड आणलं आणि पोलकं शिवून ठेवलं.

धुरपताबाईने ते उजेडात धरलं. "झ्याक शिवलं. पण ह्यो माझा पीस न्हाई."

"तुझाच की."

"कोपऱ्याला हळद व्हती. ओटी भरताना तुमचाच हात लागलता."

सिद्धम्माने मशीनखालचे फाटके तुकडे काढून पुढे ठेवले. मान वर होईना. "शिवायचा नव्हताच गं तो."

धुरपताबाई तुकड्यांतला हळदीचा कोपरा शोधत म्हणाली, "मला वाटलं, तुमी शिवणाऱ्या. तुमी दिलेला शिवायचाच असंल."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

हळदीचा तुकडा तिने कमरेच्या पिशवीत ठेवला, पोलकंही घेतलं. "लग्नाला या पण."

लग्नात सिद्धम्मा बायांच्या मागे, मांडवाच्या कडेला बसली. हिरव्या पोलक्यातली धुरपताबाई तिला हाताला धरून पुढे घेऊन गेली आणि तिची ओटी भरली. पदरात पडलेल्या पिसावरून सिद्धम्माची बोटं सवयीने फिरली. घट्ट विणीचं, चांगलं कापड होतं. शिवायचं.

सिद्धम्माने पदर मिटला. जेवण होईपर्यंत तिने धुरपताबाईकडे पाहिलं नाही.