आधी डावा बूट

वन्सं गेल्याची बातमी मला मॉरीनने फोनवर दिली, आणि खरं सांगायचं तर मला आधी रागच आला. सख्खा भाऊ घरात बसलेला, मी त्यांची भावजय, आणि आम्हाला कळतं कोणाकडून, तर आइस हॉकीच्या टीमचे कपडे धुणाऱ्या बाईकडून. "सुनंदा लव्ह, बसली आहेस का तू?" असं तिने विचारलं. मी उभीच होते, शेगडीवर आमटी होती. त्या दुपारी रिंकच्या कॅफेत सपोर्टर्सची मीटिंग होती. नव्या सीझनचं काहीतरी बोलता बोलता वन्संनी हातातला कप खाली ठेवला, टेबलावर मान टेकली, आणि संपलं. ॲम्ब्युलन्सवाल्यांना काही करायला उरलंच नाही. मी फोन ठेवला, आमटीखालची आच बंद केली आणि आतल्या खोलीत ह्यांना सांगायला गेले. जाता जाता मनात एवढंच आलं की, शेवटी गेल्या तेही तिथेच... आमच्याकडे नाहीच.

डॉक्टर कुमुद ही माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मिरजेला शिकून नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात नोकरीला आली, पुढे जवळच्याच एका लहान गावात कॅज्युअल्टीची डॉक्टर झाली. लग्न केलं नाही. मी लग्न होऊन हीथ्रोवर उतरले तेव्हा ह्या देशात सासर म्हणून होतं ते एवढंच, एक नणंद. त्यांनी मला दारातच थांबवलं. घरात माप नव्हतं, म्हणून पाइंटचा ग्लास तांदळाने काठोकाठ भरून उंबऱ्यावर ठेवला होता. "उजवा पाय आधी," म्हणाल्या. मी गडबडीत डावा उचलला होता. "उजवा गं. मी बघतेय." त्या माणसाच्या तोंडाकडे कमी आणि पायांकडे जास्त बघत. कॅज्युअल्टीत आलेला माणूस तोंडाने काहीही सांगतो, पण पाय खोटं बोलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं.

हॉकीचं खूळ मी येण्याच्या आधीपासूनचं. एका शनिवारी भुवई फुटलेला एक कॅनेडियन खेळाडू त्यांच्यापुढे आला आणि म्हणाला, लवकर शिवा, मला परत जाऊन खेळायचंय. वन्संनी त्याला टाके घातले आणि वर शिव्याही घातल्या. दुसऱ्या दिवशी तो तिकीट घेऊन हजर. त्यानंतर टीमच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी काम सोडलं. डॉक्टर हजर नसेल तर मॅच सुरूच होत नाही, असा तिथला नियम. मग काय, ह्या बसल्या. साडीवर डफल कोट, डोक्याला लोकरीची टोपी, हातात सुंठीच्या चहाचा थर्मास. बसायची जागा मात्र प्रेक्षकांत नव्हती. चेंजिंग रूममधून बर्फाकडे जाणाऱ्या अरुंद कॉरिडॉरमध्ये एक हिरवी कॅनव्हासची घडीची खुर्ची टाकून त्या बसत. प्रत्येक खेळाडू समोरच्या बाकावर बसून बूट घालणार आणि त्यांच्या पुढ्यातूनच बर्फावर जाणार.

ऑटर्स हे त्या टीमचं नाव. तिचा इतिहास वन्सं असा सांगायच्या, की आमच्या घराण्याचा कुलवृत्तांतसुद्धा त्यांना इतका पाठ नव्हता. होजिअरीच्या कारखान्यातल्या कामगारांनी सुरू केलेली टीम. मग कॅनडातून पगारी खेळाडू आले, टीम व्यावसायिक झाली. मग कारखाना बंद पडला आणि टीमही. मग पुन्हा उभी राहिली, रंग बदलून. कोणाच्या नंतर कोण कॅप्टन, कोणाचा गुडघा कोणत्या मॅचमध्ये गेला, सगळं ओळीने. आमचे हे गमतीने म्हणायचे, "ताई, आपल्या पणजोबांचं नाव सांग पाहू." त्या ते सांगायच्या, पण जरा आठवून. आमच्या दिवाळीला शनिवार आला की वन्सं नाहीत. माझ्या मुलाच्या मुंजीलासुद्धा जेवून उठल्या त्या थेट गाडीत जाऊन बसल्या. मी तेव्हा धुसफुसले होते आणि अजूनही मला त्याबद्दल फारसं वाईट वाटत नाही.

पण आज लिहायला बसले ते डीनमुळे. हा त्याच गावात वाढलेला मुलगा, पुढे ऑटर्सचा कॅप्टन झाला. सगळे हॉकीवाले शकुन मानतात. कोणी मॅचच्या दिवशी दाढी करत नाही, कोणी जुनाच मोजा घालतो. डीनचं हे, की डावा बूट आधी. चुकून उजवा हातात आला तर तो खाली ठेवायचा आणि पहिल्यापासून सुरुवात करायचा. वन्संना त्याची मोठी गंमत वाटे. "आपल्याकडे उजवा शुभ, ह्याच्याकडे डावा. पण पक्का आहे हं मुलगा, एकदाही चुकत नाही."

ती मॅच सेमीफायनलची होती. टीमच्या मालकाने आधीच सांगून टाकलं होतं, फायनल गाठली तर मी राहतो, नाहीतर गाशा गुंडाळतो. पहिल्याच भागात डीन कडेच्या फळीवर आपटला, डोक्यावर. उठला, स्वतःच्या पायांनी आत आला. वन्संनी विचारायचं ते सगळं विचारलं. कुठे आहेस, समोर कोण खेळतंय, स्कोअर काय, वर्षाचे महिने उलटे म्हण. त्याने सगळं बरोबर सांगितलं, वर थट्टाही केली. मालकाने सुस्कारा सोडला. डीनने बूट काढून त्यांच्या तळाची, बर्फावर घसरायची पाती बदलून घेतली आणि तो बाकावर बसून पुन्हा बूट घालायला लागला. आणि त्याने उजवा आधी घातला... नाडी बांधली, मग डावा घेतला. त्याचं त्याला काहीच वाटलं नाही.

"नो," वन्सं म्हणाल्या. "हा आज खेळणार नाही."

मालक म्हणाला, त्याने सगळी उत्तरं बरोबर दिली आहेत, तुमचं कारण काय? वन्सं सरळमार्गी बाई, खरं ते सांगून बसल्या. म्हणाल्या, त्याने उजवा बूट आधी घातला. त्यांच्या जागी मी असते तर म्हटलं असतं, डोळ्यांच्या बाहुल्या बघून मला शंका आली. पण त्यांना असलं बोलणं कधी जमलंच नाही. डीन ओरडला, त्याने हेल्मेट भिंतीवर आपटलं. ऑटर्स एका गोलने हरले. उन्हाळ्यात मालक निघून गेला, टीम बंद पडली आणि पुढचे दोन हिवाळे त्या रिंकमध्ये नुसती शाळेची पोरं घसरत होती.

गावाने ते बुटाचं वाक्य धरून ठेवलं. बुटाच्या नाडीसाठी आमची टीम घालवणारी डॉक्टर. सुपरमार्केटमध्ये ओळखीची माणसं दुसऱ्या रांगेत वळायची. कोणीतरी त्यांच्या गाडीच्या वायपरला हॉकीच्या बुटाची लांबलचक पांढरी नाडी बांधून ठेवली. वन्संनी ती सोडून घरी आणली आणि टोमॅटोच्या रोपाला आधार म्हणून बांधली. "मजबूत आहे गं," म्हणाल्या. गाव सोडून आमच्याकडे एजवेअरला या, असं आम्ही किती विनवलं. आल्या नाहीत. पुढे सपोर्टर्सनीच पुढाकार घेऊन टीम तिसऱ्यांदा उभी केली, तेव्हा पहिल्या मॅचला दुसरा डॉक्टर मिळेना. ह्या खुर्ची घेऊन गेल्या आणि आपल्या जागी बसल्या. मॉरीन सोडून त्या दिवशी त्यांच्याशी कोणी बोललं नाही.

लोक काय म्हणतात त्याने त्या खचल्या नाहीत. त्यांना पोखरलं ते दुसऱ्याच गोष्टीने. एकदा माझ्या स्वयंपाकघरात मटार सोलता सोलता मध्येच थांबल्या. "सुनंदा, मी चुकले असेन तर?"

"अहो वन्सं, तो मुलगा धडधाकट आहे ना? मग झालं तर."

"धडधाकट आहे म्हणूनच तर कळत नाही गं. खेळू दिला असता आणि काही झालं असतं, तर माझी चूक सगळ्यांना दिसली असती. मी नको म्हटलं आणि काहीच झालं नाही... आता मी बरोबर होते की नुसती घाबरले होते, हे मला कोण सांगणार?"

मी मटाराची टोपली पुढे सरकवली. त्यानंतर हा प्रश्न दर वर्षी, कधी गाडीत, कधी फोनवर, यायचाच. पंच्याहत्तरी उलटली, हॉस्पिटल कधीच सुटलं, मॅचला दुसरा डॉक्टर येऊ लागला, तरी खुर्ची तिथेच आणि प्रश्नही तोच. दरम्यान डीन दुसऱ्या टीममधून खेळून, निवृत्त होऊन, ज्युनिअर मुलांचा कोच म्हणून परत आला होता. दर शनिवारी त्यांच्या समोरच्या बाकावर बसून बूट घालायचा. "इव्हनिंग, डॉक," म्हणायचा. ह्या "इव्हनिंग" म्हणायच्या. बस, इतकंच. त्यांना त्या दोन शब्दांचंही अप्रूप होतं, आणि त्याचाच मला संताप यायचा.

सप्टेंबरमध्ये नव्या सीझनच्या पहिल्या मॅचला मॉरीनने आम्हाला बोलावलं. डॉकसाठी एक मिनिट शांतता आहे, तुम्ही यायलाच हवं, म्हणाली. ह्यांना तिने पुढच्या रांगेत बसवलं. मला ती कॉरिडॉरमध्ये घेऊन गेली. हिरवी खुर्ची तशीच मांडलेली होती. कॅनव्हास मध्ये खोलगट झालेला. मी बसले, तेवढ्यात डीन आला. वन्संचा मफलर बर्फाच्या मधोमध नेऊन ठेवायचं काम त्याच्याकडे होतं. केस पांढरे झालेले, हातात बूट. तो बाकावर बसला, पण बूट घालेना.

"त्या दिवसाबद्दल... आय डोन्ट रिमेंबर इट," तो म्हणाला.

मला वाटलं, टाळतोय. "कोणता भाग आठवत नाही?"

"काहीच नाही. सकाळी कुत्र्याला फिरवून आणलं ते आठवतं. त्यानंतर आठवतं ते एकदम दुसऱ्या दिवशी बायको टोस्ट करत होती ते. मधली मॅच नाही, डॉकचे प्रश्न नाहीत. मी सगळी उत्तरं बरोबर दिली, असं मला लोकांनी सांगितलं."

"आणि तू हे कोणाला सांगितलंस?"

"कोणालाच नाही. तेव्हा सांगितलं असतं तर कुठल्याच टीमने मला घेतलं नसतं. आणि नंतर... दर सीझनला वाटायचं, आज सांगू डॉकला. एव्हरी सीझन."

म्हणजे मार डोक्यात गेलाच होता, आणि वन्सं चुकल्या नव्हत्या. कानशिलात द्यावी म्हणून हात शिवशिवले, पण ज्याचं डोकं वाचवण्यासाठी वन्संनी एवढं सोसलं, त्याच डोक्यावर मी कसा हात टाकणार? एवढंच म्हणाले, "त्या इथेच बसत होत्या, डीन. इथेच. तुझ्यासमोर." तो म्हणाला, "आय नो." त्याचे डोळे भरले होते. माझे नव्हते. मला फक्त ती मटाराची टोपली दिसत होती आणि वाटत होतं की, एक वाक्य, माझ्या कर्मा, एक वाक्य बोलायला ह्याला काय झालं होतं? एका वाक्यासाठी त्या तिथे ताटकळत राहिल्या, आणि ते वाक्य मिळालं कोणाला, तर हॉकीला कायम नावं ठेवणाऱ्या मला. आता ते नेऊन मी पोचवू कुठे?

बाहेर घोषणा झाली. लोक उभे राहिल्याचा आवाज आला. डीनने डोळे पुसले आणि तो वाकला. त्या खुर्चीतून समोरच्याचं तोंड नीट दिसत नाही, पायच दिसतात. दोन्ही बूट जमिनीवर शेजारी शेजारी होते. त्याचा हात क्षणभर घुटमळला, मग त्याने एक उचलला, पाय घातला, नाडी ओढून घट्ट बांधली. मग दुसरा. मफलर हातात घेऊन तो उठला, पण पुढे जाईना. माझ्याकडे बघत तसाच उभा राहिला.

"डावा आधी घातलास," मी म्हणाले. "मी बघत होते. जा आता."