शनिवारी अकरा वाजता बार

मी आयुष्यात बंदुकीची एकच गोळी झाडली आणि ती एका दुधीभोपळ्याला लागली. दुधी आमचाच होता. त्याचा काहीही गुन्हा नव्हता.

गुन्हा होता ढोल्याचा. ढोल्या म्हणजे आमच्या मागच्या अंगणात, शेडखाली बीळ करून राहणारा ग्राउंडहॉग. ज्यांनी हा प्राणी पाहिलेला नाही त्यांनी एक घूस डोळ्यांपुढे आणावी, तिला वर्षभर तूप-भात खाऊ घालावा आणि तिच्या चेहऱ्यावर सोसायटीच्या चेअरमनचा भाव आणावा. झाला ग्राउंडहॉग! आमचं घर शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या हद्दीला लागून, पण एक गल्ली बाहेर. (पत्ता नेपरव्हिलचा, पण बर्फ काढणारी गाडी कौंटीची, म्हणजे जिल्ह्याची, आणि ती सगळ्यांत शेवटी येते.) या हद्दीबाहेरच्या अंगणात आम्ही मेथी लावावी आणि ढोल्याने खावी, अशी शिस्तीत वाटणी होती. मी पालकावर तिखट भुरभुरलं, तर गडी तिखटासकट पालक संपवून गेला. मी नागपूरचा असून मला ते तिखट झेपत नाही!

इथपर्यंत ठीक होतं. पण मग तो दुधीवर गेला.

माझी बायको वंदना भंडाऱ्याची. तिच्या आईच्या परसातल्या दुधीचं बी तिने जुन्या बामच्या डबीत जपून ठेवलं होतं. आई जाऊन दोन वर्षं झाली, परसही विकलं गेलं, आता ते बी जगात फक्त आमच्या फ्रिजमध्ये उरलं होतं. चार बिया. वंदनाने मे महिन्यात चारही लावल्या, त्यांतले तीन वेल ढोल्याने मुळापासून फस्त केले. चौथ्यावर एकच दुधी धरला, तो तिने बियाण्याला राखला.

"हा गेला ना, तर आईचं बी संपलं," वंदना म्हणाली. हळू आवाजात म्हणाली. ती ओरडते तेव्हा मी घाबरत नाही, तीस वर्षांची सवय आहे. हळू बोलली की मात्र काहीतरी करावंच लागतं.

"मी बंदूक आणतो," मी म्हणालो.

"काय आणता?"

"छर्ऱ्याची. एअर रायफल."

"दर रविवारी विहारात पंचशील घेता ना? पहिलं शील कोणतं?"

"मग दुसरं शील त्याला सांग की! चोरी न करण्याचं!"

"तो विहारात येत नाही. तुम्ही येता."

शेवटी तोडगा निघाला, की मारायचं नाही, फक्त दचकवायचं. बिळाच्या तोंडाशी पत्र्याची बादली पालथी घालायची, तिच्यावर छर्रा मारायचा, ठण्ण आवाज झाला की ढोल्या बाडबिस्तरा घेऊन शेजारच्यांकडे!

शनिवार-रविवार सोडून मी बंदुकीच्या दुकानात गेलो. (रविवारी गेलो असतो तर कोणीतरी विहारातलं भेटलं असतं.) मी फाइलच घेऊन गेलो होतो. पासपोर्ट, घराचे कागद, विजेचं बिल, चार फोटो. एकोणीस वर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत काढलेला माणूस मी, मला कागदाशिवाय घराबाहेर पडताच येत नाही. काउंटरमागच्या दाढीवाल्याने फाइल बघितली, मला बघितलं.

"या छोट्या एअर रायफलला राज्याचं बंदूक-कार्ड लागत नाही," तो म्हणाला. "त्या मोठ्या, जोरदार असतात ना, त्यांना लागतं."

"मग लायसन?"

"नाही."

"फॉर्म तरी?"

"नाही, सर."

मला काही ते पटेना. ज्याला कागद लागत नाही ती गोष्ट कायदेशीर असेलच कशी! मी म्हणालो, "कार्ड लागत नाही, असं मला लिहून द्या." त्या बिचाऱ्याने पावतीमागे लिहून दिलं. मी खाली तारीख घालायला लावली.

घरी येऊन मी कौंटीला फोन केला, मग राज्याच्या वन्यप्राणी विभागाला केला. तिथल्या बाईंनी सांगितलं, की ग्राउंडहॉग मारायचा असेल तर परमिट लागेल. म्हणजे बंदुकीला कागद नाही, पण घुशीच्या मोठ्या भावाला आहे!

"मारायचं नाही हो, दचकवायचं आहे," मी म्हणालो.

मग बाई म्हणाल्या, "दचकवायला परमिट नाही, सर. पण शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. नाहीतर कोणीतरी पोलिसांना फोन करेल."

आणि इथेच माशी शिंकली.

शेजारच्या गल्लीत आपली तीन घरं आहेत आणि तिन्ही आमच्या विहाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहेत. वेगवेगळे फोन कशाला, म्हणून मी गुरुवारी सरळ ग्रुपवरच मेसेज टाकला:

"सर्वांना जय भीम! शनिवारी सकाळी अकरा वाजता आमच्याकडे बार उडवतोय. खूप वाट पाहिली, आता उडवूनच टाकतो. आवाज झाला तर घाबरू नये."

आता मला सांगा, यात चुकलं काय? बंदुकीचाच बार तो! पण आपल्या भाषेत बार लग्नाचाही उडवतात, आणि मला अठ्ठावीस वर्षांची, बिनलग्नाची मुलगी आहे. सुजाता शिकागोत पॅरामेडिक आहे, ॲम्ब्युलन्सवर असते, एकटी राहते, खुशीत आहे. तिचं लग्न हा विषय विहारात बुद्धवंदनेनंतर आणि चहाच्या आधी दर आठवड्याला निघतो. हे मला मेसेज टाकताना आठवायला हवं होतं. नाही आठवलं.

धडाधड उत्तरं आली. "अभिनंदन भाऊ!" "अखेर!!" "किती दिवसांपासून ऐकायचं होतं हे!" मला भरून आलं. माझ्या पालकाचं दुःख लोकांनी इतकं मनाला लावून घेतलं होतं!

मग मंदाकाकूंचा मेसेज. मंदाकाकू म्हणजे आमच्या सगळ्यांच्या मोठ्या, नागपूरच्या, सगळ्या चौकशा त्यांच्यातर्फे होतात. "कुठला आहे जी?"

मी लिहिलं, "इथलाच. अमेरिकनच आहे. चांगला जाडजूड. दिवसभर खात असतो."

"असू दे भाऊ. स्वभावानं कसा आहे?"

"लाजरा आहे. माणूस दिसलं की आत पळतो."

"मग चांगला आहे," काकूंनी लिहिलं. "काही आणू का?"

"कानात घालायला कापूस आणा!" मी लिहिलं आणि पुढे हसरा चेहरा टाकला. त्यावरून पुढे डीजे आहे अशी बातमी पसरली.

वंदना ग्रुप बघत नाही. (दर सकाळी फुलं आणि सुविचार बघून तिचा जीव उबगलाय.) सुजाताला मी फोन केला, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, आर यू सिरियस? यू विल शूट युवर ओन फूट. मी ड्यूटी संपली की येते. अँड वेअर आय प्रोटेक्शन!"

शनिवारी पावणेअकरा. मी मागच्या डेकवर, म्हणजे लाकडी ओट्यावर, पालथा पडलो होतो. डोळ्यांवर पोहण्याचा गॉगल, कानांवर आवाज अडवणारे ते मोठे मफ, पोटाखाली योगाची चटई. तीस पावलांवर शेड, शेडजवळ बादली. बादलीच्या डावीकडे, बऱ्याच लांब, कुंपणावर वंदनाचा दुधी. मी नेम धरला. श्वास रोखला.

मफमुळे मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. त्यामुळे आमच्या दारात सतरा गाड्या लागल्या, ते मला कळलं नाही. बेल तीनदा वाजली, वंदना न्हाणीघरात, तेही कळलं नाही. शेवटी सगळी मंडळी कुंपणाचं दार उघडून मागे आली. पैठण्या, पांढरे कुडते, पेढ्यांचे पुडे, झेंडूचा एक मनगटाएवढा जाड हार! आमचा पुण्याचा तरुण मित्र अमोल बर्फाच्या दोन पिशव्या आणि सोड्याच्या बाटल्या घेऊन आला होता, कारण मेश्रामकाकांनी, म्हणजे मी, बेसमेंटमध्ये बार उघडलाय अशी त्याची समजूत. आणि या सगळ्यांच्या पुढे मंदाकाकू.

त्यांनी काय पाहिलं असेल? वधूपिता पालथा पडलाय, डोळ्यांवर गॉगल, हातात बंदूक, आणि नेम शेडवर. आत नवरा मुलगा कोंडलेला असणार, दुसरं काय! लाजरा आहे, आत पळतो, हे मीच लिहिलं होतं.

"अरे बापा!" काकूंनी धाव घेतली आणि माझा एक मफ ओढून कानात किंचाळल्या, "मेश्रामभाऊ! बंदूक दाखवून लग्न लावू नका जी!"

माझं बोट दचकलं.

ठण्ण! छर्रा बादलीच्या कडेला लागला, उसळला, आणि कुंपणाकडून आवाज आला, थप्प.

वंदना ओल्या केसांनी डेकच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही, सतरा घरच्या पाहुण्यांकडेही बघितलं नाही. सरळ कुंपणाशी गेली. दुधीच्या पोटात, बरोबर मध्यभागी, छर्रा रुतून बसला होता. मी गॉगल काढायचंही विसरलो. गॉगलमध्ये पाणी साचायला लागलं, ते घामाचं नव्हतं.

"वंदना, मी..."

"बोलू नका."

तेवढ्यात सुजाता आली. थेट ड्यूटीवरून, युनिफॉर्ममध्ये, खांद्यावर बॅग.

"हू गॉट शॉट?"

सगळ्यांनी दुधीकडे बोट दाखवलं.

पोरगी माझी, पण डोकं वंदनाचं. बॅगेतून चिमटा काढला, छर्रा अलगद उपसला, टॉर्चने भोकात बघितलं. "आई, डोन्ट वरी. साल जाड झालंय, आत गेलंच नाही. सर्फेस वुंड. पेशंट स्टेबल आहे." वंदनाने विहारासाठी आणलेली मेणबत्ती पेटवून भोकात मेण ओतलं, सुजाताने वरून गॉजची पट्टी गुंडाळली. सतरा घरची माणसं नटूनथटून गोल उभी राहून हे बघत होती. अमोलने न विचारता बर्फाची पिशवी पुढे केली.

मग मंदाकाकूंनी घसा खाकरला. "म्हणजे... लग्न नाही?"

"व्हॉट लग्न?" सुजाता म्हणाली. "हूज लग्न?"

"तुझंच की! तुझ्या बाबांनी ग्रुपवर टाकलं, बार उडवतोय म्हणून!"

सुजाताने माझा फोन मागितला. तिला मराठी वाचायला वेळ लागतो. एकेक अक्षर लावत तिने सगळा मेसेज वाचला, 'जाडजूड' आणि 'दिवसभर खात असतो'पर्यंत. मग फक्त एवढंच म्हणाली, "बाऽऽबा!"

त्या एका हाकेने जे झालं ते माझ्या बंदुकीने झालं नव्हतं. ढोल्या दचकून बाहेर आला. बादलीच्या बिळातून नव्हे, शेडच्या दुसऱ्या बाजूने, जिथे मी कधी बघितलंच नव्हतं. आम्ही सगळे दुधीभोवती, पेढे आणि हार गवतावर. त्याने पेढ्यांचा वास घेतला, ते नाकारले आणि झेंडूचा हार खायला बसला. दोन्ही हातांत धरून, सावकाश, एकेक फूल. नवऱ्या मुलाचा हार शेवटी त्याच्याच गळ्यात गेला, फक्त आतल्या बाजूने.

मंदाकाकू म्हणाल्या, "खरंच जी, दिवसभर खात असंल."

आधी वंदना हसली. ती हसली म्हणून मग मी हसलो, आणि त्या बर्फात सोडा घालून सगळ्यांनी लिंबू सरबत प्यायलं.

बंदूक मी पावतीसकट परत केली. दुधी वंदनाने तळघरात टांगला. जानेवारीत, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, तिने मला खाली हाक मारली आणि दुधी माझ्या कानाशी धरून हलवला. आत बी वाजत होतं. खुळखुळ, खुळखुळ! ओंजळभर निघालं. मला रडू आलं, लपवत नाही. तिने सतरा पुड्या केल्या आणि सतरा घरी वाटल्या. मी विचारलं, एवढ्या कशाला? म्हणाली, "आईचं बी आता तुमच्या नेमावर ठेवायचं नाही."

आणि पुढच्या सप्टेंबरात सुजाताचं खरंच ठरलं! तिच्याच ॲम्ब्युलन्सवरचा मुलगा. इथलाच, अमेरिकनच. चांगला जाडजूड. दिवसभर खात असतो. (मी कोणाला काही म्हणालो नाही.) वंदनाने आईच्या दुधीचा परातभर हलवा केला, साठ माणसांचं जेवण सांगितलं, मी दोन हार आणून डेकवर ठेवले आणि आनंदाच्या भरात ग्रुपवर टाकलं: "शनिवारी अकरा वाजता बार उडवतोय! सर्वांनी नक्की यायचं!"

धडाधड अंगठे आले. "नेम नीट धरा भाऊ!" "या वेळी कार्ड काढलं का?" मंदाकाकूंनी लिहिलं, "दुधी झाकून ठेवा जी."

शनिवारी अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. गल्लीत एक गाडी नाही. मुलगी नटून बसलेली, जावई हलव्याकडे बघत बसलेला, वंदना माझ्याकडे बघत बसलेली. आणि माझ्या आमंत्रणावर विश्वास ठेवून वेळेवर आलेला पाहुणा एकच. तो शेडच्या दुसऱ्या बाजूने आला आणि दोन्ही हार खाऊन गेला.