म्हातारीचा पेला

आमच्या ख्रिस्ती देवळात पुढे एक खुर्ची असे. ती गोऱ्या मिशनरी साहेबांची. बाकी मंडळी सतरंजीवर. प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत घ्यायच्या द्राक्षरसाचा, एकच चांदीचा प्याला आधी खुर्चीकडे जाई, मग वडीलधाऱ्यांकडे, मग इतरांकडे. देवापुढे सगळे सारखे हा उपदेश त्याच खुर्चीसमोर चाले आणि कुणाला काही खटकत नसे. मलाही नाही. माझे वडीलच तिथले पाळक होते.

आम्ही मूळचे महार. गावच्या विहिरीवर आम्हाला पाणी मिळालं नव्हतं, हे आमच्यातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला तोंडपाठ. आणि भवानी पेठेत केरसुण्या विकणाऱ्या एका मांगाच्या म्हातारीचा बाप्तिस्मा झाला, तर हीच माणसं म्हणू लागली की तिच्या उष्ट्या प्याल्याला आम्ही तोंड लावणार नाही. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून! सगळ्यात मोठा आवाज माझ्या थोरल्या काकांचा. साहेबांनी वडिलांना समजावलं, घाई नको, तिला सगळ्यांच्या शेवटी द्या. वडील हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही.

रविवारी म्हातारी आली ती पदराआड जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, एक पोचे पडलेला पेला घेऊन. पेठेतल्या हॉटेलात तिला चहा मिळे तो अशाच घरून आणलेल्या पेल्यात, तोही वरून ओतून. पेला बघून काकांच्या जिवात जीव आला. देवानेच सोय केली, असं ते शेजाऱ्याला म्हणालेसुद्धा.

वडिलांनी तिला विचारलं, पेला कशाला आणला?

"हितंबी आपलाच आणायचा आसंल, आसं वाटलं मला," ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, टोमणा नव्हता. म्हणून तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वडिलांचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यांनी चांदीच्या प्याल्यातला सगळा द्राक्षरस त्या पेल्यात ओतला.

"मावशी, आधी तुम्ही घ्या."

ती प्यायली. मग वडिलांनी तोच पेला खुर्चीकडे नेला. साहेबांनी तो हातात घेतला आणि नुसते बघत राहिले.

"राखंनं घासून आणलाय की, सायेब," म्हातारी म्हणाली. बिचारीला वाटलं, ते स्वच्छतेलाच अडलेत.

साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी घोट घेतला. काका उठून बाहेर गेले, त्यांच्यामागे आणखी दोन-तीन घरं गेली. उरलेले प्यायले. आईने तर पेला दोन्ही हातांनी धरला. मला तिचा असा अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता.

पुढचं प्रभुभोजन यायच्या आतच वडिलांची दूर आडगावी, मैंदर्गीला बदली झाली. कारण कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. काकांनी अबोला धरला होता, पण सख्खा भाऊ तो, किती दिवस राहणार? एकदा ते मैंदर्गीला आले आणि जेवायला बसल्या बसल्या तणतणू लागले.

"तू तिला पार बिघडवून ठेवलीस. आता ती पेलाच आणत नाही. हात हलवत येते, पुढे बसते. नवे पाळक तरी काय करणार? देवळाचाच प्याला द्यावा लागतो."

वडिलांनी हातातला घास ताटात ठेवला आणि ते सगळ्यांदेखत रडले.