कांद्याच्या ट्रकातून रशियनच्या वर्गापर्यंत

कॉलेज बघायला वडिलांना बरोबर नेणार असाल, तर त्यांचा धंदा काय ते आधी ध्यानात घ्या. माझे आबा चाकणच्या बाजारात बैलांचे दलाल होते. ही पन्नासच्या दशकातली गोष्ट.

मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. पिंपरीला मामाकडे रशियातलं एक मासिक पाहिलं. त्यात एक बाई ट्रॅक्टरवर बसून हसत होती, आणि खालचं कुणालाच वाचता येईना. मला ते वाचायचंच होतं. आबा म्हणाले, "एक दिस देतो. कालिज पसंत पडलं तर शीक, न्हाई तर मंचरचं स्थळ हाय." मंचरचा मुलगा मी पाहिला होता. तेव्हापासून रशियनची ओढ वाढतच चालली होती.

चाकणहून चिंचवड स्टेशनपर्यंत कांद्याच्या ट्रकातून गेलो. भाड्यापोटी ड्रायव्हरला आईची भाकरी आणि ठेचा दिला. पोत्यांवर बसूनही हाडं खिळखिळी झाली. मोशीला इंद्रायणीवर तोंड धुतलं, तरी कांद्याचा वास काही गेला नाही. आज त्याच रस्त्यावर कंपन्यांच्या बसमागे अडकलात, तर निदान त्या वासातून सुटलात म्हणून समाधान माना.

चिंचवडहून आगगाडीने पुणे. पहिलं कॉलेज दगडी, भव्य. मी तर हरखूनच गेले. आबा पायरीवर बसले, थोडा वेळ वाट पाहिली आणि उठले.

"चल."

"अहो आबा, आत तरी जाऊ!"

"पाणी इचारलं का कुणी? असल्या घरात पोरगी द्यायची न्हाई."

दुसऱ्या कॉलेजात पाणी मिळालं, वर चहासुद्धा. आबांनी विहीर पाहिली, खोल्या पाहिल्या. मग रशियन शिकवणाऱ्या मास्तरांना म्हणाले, "जरा हसा बघू." मास्तर बिचारे हसले. आबांनी वाकून दात पाहिले आणि माझ्या कानात म्हणाले, "टिकंल चार-पाच वर्सं." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

तेवढ्यात प्रिन्सिपॉल म्हणाले, "मुलगी हुशार आहे, पण रशियनच्या वर्गाला एक विद्यार्थी कमी पडतोय. वर्ग सुरू होणार नाही."

माझ्या डोळ्यांसमोर मंचर आलं. मला रडूच फुटलं.

आबांनी खांद्यावरचं उपरणं काढून प्रिन्सिपॉलांच्या हातावर टाकलं आणि खालून बोटं धरली. बैलाचा सौदा असाच होतो, कापडाखाली जितकी बोटं दाबली तितका आकडा. प्रिन्सिपॉलांना वाटलं हस्तांदोलन; त्यांनी आबांचा पंजाच दाबला.

"पाच?" आबा दचकले. "आवो, एकच कमी म्हनला न्हवं? एकच देनार."

"कोण?"

"मीच की. चौथी पास हाय."

प्रिन्सिपॉल हसत म्हणाले, या वर्गाला बाहेरचं कुणीही बसू शकतं. आबांनी तिथंच अंगठा पुढे केला, मग आठवण होऊन सही केली.

परतीला ट्रक रिकामा होता, त्यामुळे जास्तच आदळलो. पण मी चाकणपर्यंत गातच आले. दारातच आईनं विचारलं, "पसंत पडलं?"

"पोरगी दिली," आबा म्हणाले. त्यांनीही वर्गात नाव घातलंय, हे मी लगेच सांगून टाकलं.

"अन् तुमी कशाला नाव घातलं?"

"पहिल्यांदा सासरी जाताना पोरीसंगं पाठराखीण नको?"

पाठराखीण चार दिवसांत परत येते. आबा मात्र बाजाराचे दिवस सोडून वर्षभर शेवटच्या बाकावर पागोटं घालून बसले. परीक्षेत सपशेल नापास झाले. मी पास झाले, आणि ट्रॅक्टरवरच्या बाईखाली काय लिहिलंय ते सगळ्यात आधी त्यांनाच वाचून दाखवलं.