चौकोनाचा हायपोटेन्यूज

माझ्या माहेरी आजही कोणी विचारलं की ही पोरगी एवढी भांडखोर कशी झाली, तर आई एका शब्दात उत्तर देते, "भूमितीनं."

त्यात तथ्य आहे. नववीपर्यंत मी घरात आणि शाळेत गरीब स्वभावाची म्हणूनच ओळखली जायचे. मग आमच्या गणिताच्या बाईंच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, त्यांनी मला दर रविवारी लोणी काळभोरहून पुण्याला पाठवायचं ठरवलं. सदाशिव पेठेतल्या एका शाळेच्या रिकाम्या वर्गात एक निवृत्त प्राध्यापक गणिताच्या स्पर्धा परीक्षांची तयारी करून घ्यायचे. ते फी घेत नसत, आणि फी घेत नसल्यामुळे मुलांना घालूनपाडून बोलायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे असं त्यांचं मत होतं. पहिल्याच दिवशी हडपसरला बस अडकली आणि मला उशीर झाला. मी दारात उभी राहिले तेव्हा सरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "या, या. आपल्यासाठीच थांबलो होतो. तेवढ्यात चुकून दोन गणितं सोडवून झाली."

घरी जाऊन मी रडले. पण पुढच्या रविवारी परत गेले, कारण त्या दोन गणितांपैकी एकाची आकृती फळ्यावर तशीच राहिली होती आणि ती आठवडाभर माझ्या डोक्यात बसली होती.

शाळेतली भूमिती म्हणजे पक्ष, साध्य, सिद्धता अशा तीन मथळ्यांखाली पाठ केलेलं काहीतरी. प्रमेयाचा क्रमांक सांगितला की सिद्धता तोंडातून आपोआप बाहेर पडायची. सरांच्या गणितांना क्रमांक नव्हते. कुठलं प्रमेय लागणार हे गणित सांगतच नसे. एक वर्तुळ, दोन स्पर्शिका, कुठेतरी एक बिंदू, आणि सिद्ध करा म्हणून एक ओळ. मी लसूण सोलताना ती आकृती मनात काढायचे, बसमध्ये तळहातावर काढायचे. दोन-दोन दिवस काहीही दिसायचं नाही, आणि मी घरात सगळ्यांवर चिडचिड करायचे. मग कधीतरी एक रेघ सुचायची. ती रेघ काढली की कागदावरच्या बाकीच्या रेघा जिथल्या तिथेच असायच्या, तरी सगळी आकृती वेगळी दिसायला लागायची. त्या क्षणाचं मला अक्षरशः वेड लागलं. इतका आनंद मला तोवर कशानेच झाला नव्हता, आणि तो कोणाला सांगावा हे कळत नव्हतं.

अडचण एकच होती, इंग्रजी. वर्गात मी सोडून सगळी मुलं इंग्रजी माध्यमाची. गणितं इंग्रजीत, उत्तरंही इंग्रजीत. माझ्या पुस्तकाच्या शेवटी पारिभाषिक शब्दांची दोन पानं होती, ती मी बसमध्ये घोकायचे. लंब म्हणजे पर्पेंडिक्युलर. जीवा म्हणजे कॉर्ड. कर्ण म्हणजे हायपोटेन्यूज. एकेका शब्दाला इंग्रजी सापडलं की मी पुढच्या शब्दावर जायचे. आपलं काम चोख चाललंय अशीच माझी समजूत होती.

त्या सुमाराला आमच्या वडिलांना, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, रोज कोणी ना कोणी भेटायला येत असे. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि आमचं रान कालव्याच्या कडेला होतं. मोटारसायकलवरून जमिनीचे एजंट यायचे, चहा प्यायचे आणि सांगायचे की इथून रस्ता जाणार, तिथे कंपनी येणार, तुमचं सोनं होणार. आप्पा ऐकून घ्यायचे. मग एक दिवस हडपसरच्या कॉम्प्युटर क्लासवाले चावडीवर येऊन गेले. चार महिन्यांचा कोर्स, की नोकरी, की तिथून थेट अमेरिका. हा सौदा मात्र आप्पांना पटला. क्लास रविवारचा होता.

"सगळी पोरं कंपुटर शिकत्यात," आप्पा म्हणाले. "तू ते तिरकोन काढीत बसणार व्हय?"

मी जेवणावर रुसले. आईने मध्यस्थी केली. सर लवकरच एक चाचणी घेऊन मोठ्या स्पर्धा परीक्षेसाठी मुलं निवडणार होते. शेवटी असं ठरलं: माझं नाव निघालं तर भूमिती, नाही निघालं तर कॉम्प्युटर. आप्पांनी हे कोंबडं विकल्यासारखं सहज ठरवून टाकलं. माझे सगळे रविवार पणाला लागले होते.

चाचणीतलं शेवटचं गणित मला अजून जसंच्या तसं आठवतं. एक कोन. त्याच्या आत एक बिंदू. त्या बिंदूपासून कोनाच्या दोन्ही भुजांवर लंब टाकलेले, आणि ते जिथे टेकतात त्या दोन बिंदूंना जोडणारी रेघ. कोनाच्या टोकापासून या रेघेवर आणखी एक लंब टाकायचा. हा लंब एका भुजेशी जेवढा कोन करतो, तेवढाच कोन टोक आणि आतला बिंदू यांना जोडणारी रेघ दुसऱ्या भुजेशी करते, हे सिद्ध करायचं. मी आकृती काढली, बघितली, आणि मला ते दिसलं. पाच-सहा ओळींत उत्तर संपलं. परतीच्या बसमध्ये मी इतकी खुशीत होते की कंडक्टरने सुटे नाहीत म्हणून केलेली कटकटही मला गोड वाटली.

पुढच्या रविवारी पेपर मिळाले. ते सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने तपासले होते. तो तेव्हा इंजिनिअरिंगला होता आणि सरांच्या मदतीला यायचा. माझ्या शेवटच्या गणितावर लाल पेनाची आडवी रेघ होती, शेजारी शून्य, आणि इंग्रजीत एक शेरा: चौकोनाला हायपोटेन्यूज नसतो. पुढे दोन उद्गारचिन्हं. सरांनी निवडलेल्यांची नावं वाचली. माझं नव्हतं.

माझ्या शेजारी एक कॉन्व्हेंटची मुलगी बसायची. आम्ही डबा वाटून खायचो. तिने माझा पेपर ओढून वाचला आणि कुजबुजली, "अगं, तुला डायगोनल म्हणायचं होतं का?"

"डायगोनल म्हणजे काय?"

तिने बाकावर पेन्सिलीने चौकोन काढला आणि समोरासमोरचे कोपरे जोडले.

"ह्याला कर्ण म्हणतात," मी म्हटलं.

"मग हायपोटेन्यूजला काय म्हणतात?"

"कर्णच."

"दोन्हीला?" असं म्हणून तिने तोंडावर हात ठेवला आणि खांदे हलेपर्यंत हसली. मलाही हसू आलं असतं, पण तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की उत्तर बरोबर असून माझे रविवार गेले. डोळ्यांत पाणी यायच्या आत मला राग आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी भर वर्गात न विचारता उभी राहिले.

"सर, माझं गणित बरोबर आहे."

"असेल. मनात सगळ्यांचंच बरोबर असतं. कागदावर काय आहे?"

"कागदावर कर्ण आहे. मराठीत दोन्हीला कर्णच म्हणतात. काटकोन त्रिकोणातल्या मोठ्या बाजूला पण आणि चौकोनाच्या तिरप्या रेघेला पण. तुम्हाला माहीत नाही का?"

सरांशी त्या सुरात कोणी बोलत नसे. पण मी बोलून बसले होते.

"मराठी थोडीफार येते मला," सर म्हणाले. "या इकडे. खडू घ्या. आणि मराठीतच सांगा."

मी फळ्यावर आकृती काढली. कोनाचं टोक, आतला बिंदू आणि लंब टेकतात ते दोन बिंदू मिळून एक चौकोन होतो. टोकापासून आतल्या बिंदूपर्यंतची रेघ हा त्याचा कर्ण. "पण लंबांमुळे हे दोन कोपरे काटकोन आहेत," मी म्हटलं. "म्हणजे तीच रेघ दोन काटकोन त्रिकोणांचा पण कर्ण आहे. एकाच कर्णावर दोन काटकोन. म्हणजे चारही बिंदू एका वर्तुळावर." आणि मी ते वर्तुळ काढलं. ते वांगंच झालं, पण पुढच्या दोन ओळी त्याच्यावरून आपोआप आल्या.

सरांनी विचारलं, "वर्तुळ कसं सुचलं?"

"सुचलं नाही. त्या रेघेला कर्ण म्हटलं की काटकोन दिसतातच."

बाकीच्यांनी तेच गणित पानभर साइन-कॉस करून सोडवलं होतं, हे मला मागाहून कळलं. सरांनी हातावरचा खडू झटकला आणि मागे बसलेल्या त्या इंजिनिअरिंगवाल्याकडे वळले. "चौकोनाला हायपोटेन्यूज नसतो हे बरोबर. ह्या चौकोनाला आहे. फुकट तपासतो म्हणून अर्धंच वाचायचं, असा काही नियम नाही." तो बिचारा कानापर्यंत लाल झाला. सरांनी माझ्या पेपरवरचं शून्य खोडलं, दहा लिहिले आणि माझं नाव निवडलेल्यांत घातलं. मला म्हणाले, "आता कृपा करून डायगोनल हा शब्द शिका. सगळेच परीक्षक आपल्याशी भांडायला मोकळे नसतात."

घरी पोचल्या पोचल्या मी पेपर आप्पांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडात धरला, उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"शून्याचं दहा कसं झालं?"

मी सगळं सांगितलं. कर्ण, डायगोनल, वर्तुळ. आप्पांना पटलं नाही. जमिनीच्या व्यवहारांत त्यांनी बरेच कागद बघितले होते.

"खाडाखोडीचा कागद मी मानत न्हाय," ते म्हणाले. "रविवारी मी येतो. बघू तो मास्तर कसा हाय ते."

तो आठवडा मी कसा काढला ते मलाच माहीत. एकीकडे सरांची जीभ, दुसरीकडे आप्पांचा संशय, आणि दोघांच्या मध्ये माझे रविवार. आप्पा रविवारी इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून आले. सगळा वेळ शेवटच्या बाकावर गुडघे दुमडून बसून राहिले. मला त्या दिवशी फळ्यावरचं एक अक्षर कळलं नाही. तास संपल्यावर ते सरांसमोर जाऊन उभे राहिले.

"सर, हे शिकून पोरीला पुढं काय मिळंल?"

"काही नाही," सर म्हणाले.

आप्पांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "न्हाय, म्हंजी नोकरीबिकरी?"

"भूमितीमुळे नोकरी लागलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही."

"मंग ह्या परीक्षेत तरी निवड हुईल का?"

"कठीण आहे. पुष्कळ मुलं बसतात. बहुधा नाही होणार."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जरा खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं यांचं, असं मनात आलं.

"मंग तुमी कशापायी शिकवता?" आप्पांनी विचारलं. त्यांच्या आवाजात आता राग नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं.

सर म्हणाले, "मला आवडतं म्हणून. हिलाही आवडतं असं दिसतं. परवा माझ्याशी भांडली ती. एवढ्या वर्षांत मार्कांसाठी कुरकुरणारे खूप बघितले, पण वर्तुळ काढून भांडणारी पहिलीच."

"आन् ती खाडाखोड?"

"चूक आमची होती, म्हणून खोडलं. खाली माझी सही आहे. आपण कागद नीट पाहिलेला दिसत नाही."

आप्पांना असं कोणी बोललं की घरात आम्ही आडोशाला जायचो. पण त्यांनी फक्त मान हलवली, नमस्कार केला आणि मला म्हणाले, "चल."

बसमध्ये ते खिडकीशी बसले. हडपसर आलं. कॉम्प्युटर क्लासची निळी पाटी स्टॉपवरून दिसत होती. तिथे उतरून नाव घालायचं म्हणतील म्हणून मी कंडक्टरच्या घंटीची वाट बघत बसले. बस सुटली. पाटी मागे गेली. शेतं सुरू झाल्यावर आप्पा बाहेर बघतच म्हणाले, "आपल्याकडं रोज कुणी ना कुणी येतंय. जो येतो तो सांगतो, ह्याचं असं हुईल, त्याचं तसं हुईल. हा पैला माणूस म्हणला, काय हुणार न्हाय."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय? जात जा की. खरं बोलणाऱ्याकडं पोरगी धाडायला काय भ्यायचं?"

मी त्यांच्या दंडाला घट्ट धरून बसले, लोणी येईपर्यंत.

सर म्हणाले तसंच झालं. मोठ्या परीक्षेत माझी निवड झाली नाही. कॉम्प्युटर मी पुढे कॉलेजात शिकले, आणि आज पोट त्याच्यावरच भरतं. पण बारावीपर्यंतचे सगळे रविवार माझे राहिले, आणि त्या सुखाशी तुलना करावी असं मला अजून फारसं काही सापडलेलं नाही. त्या काळात आमच्या घरात कुठल्याही गोष्टीला पहिला प्रश्न एकच असायचा: ह्याचा उपयोग काय? रानाला, म्हशीला, नव्या रस्त्याला, लेकीच्या शिक्षणाला. आप्पांनी तो प्रश्न माझ्यासाठी पुण्यापर्यंत जाऊन विचारला, 'काही नाही' हे उत्तर स्वतःच्या कानांनी ऐकलं, आणि तरी मला जाऊ दिलं. एवढा लाड माझा पुन्हा कोणीही केला नाही.