शमें ग्रेनिएचं माहेर
व्हॅनिला घातलेल्या चहाचा वास आला की नाकारला गेलेला तो व्हिसा मला आठवतो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सातवीत शाळा सोडलेला मी रत्नागिरीहून समुद्रापारच्या या बेटावर साखर कारखान्यात फिटर म्हणून आलो होतो आणि शमें ग्रेनिए गावात एका मराठी बाईंच्या घरी खोली घेऊन राहत होतो. गावाकडच्या ठरलेल्या मुलीला इथे बोलावून लग्न करायचं होतं, पण ती माझ्या खोलीवर उतरणार असं मी व्हिसाच्या ऑफिसात भाबडेपणाने सांगून बसलो आणि व्हिसा नाकारला गेला. गावी जाऊन लग्न करायला मला रजा नव्हती, तिकडे तिचा भाऊ दुसरं स्थळ बघायला लागलेला. चहा ओतता ओतता घरमालकीणबाई कडाडल्या, “आयो! लग्नाआधी पोरगी नवऱ्याच्या दारात उतरते काय रे?” दुसऱ्याच दिवशी ठेवणीतली साडी नेसून त्या मला बसने राजधानीत, पोर्ट लुईच्या त्या ऑफिसात घेऊन गेल्या. बाईंनी मला तोंडच उघडू दिलं नाही. तिथल्या साहेबाला इथल्या क्रिओल बोलीत ठणकावलं, “पोरगी माझ्या घरी येणार. इथे तिची आई मी. हळद मी लावणार, पाठवणी मी करणार.” साहेब हसला, “आणि नवरामुलगा कुठे जाणार?” “त्याला आजच घराबाहेर काढते!” आणि खरंच काढलं, रस्त्यापलीकडच्या खोलीत. व्हिसा मिळाला. विमानतळावर बाईंनी मला तिची पिशवीसुद्धा उचलू दिली नाही. आता बाई थकल्यात, पण आमचं भांडण झालं की बायको अजून “माहेरी जाते” म्हणते आणि रस्ता ओलांडते.