अकराव्या महिन्यातला अर्ज

धनकुमारी सारू आमच्या वॉर्ड कार्यालयात आठ वर्षं दर्त्याच्या टेबलावर बसली. आलेल्या कागदाला वहीत नंबर द्यायचा, शिक्का मारायचा, पुढे पाठवायचा. जन्म, मृत्यू, घर बदलणं, म्हाताऱ्यांचा भत्ता, काहीही असो, कागद आधी तिच्यासमोर. नंबर पडला की तो सरकारी झाला, नाही पडला तर चुलीत घाला. मी तिथला सचिव, भेषराज. माझं काम सही करायचं.

ती करारावर होती. वय बेचाळीस. नवरा कतारला गेला, तीन वर्षं फोन आले, मग फोनही थांबले. वर डोंगराच्या डाँड्यावरच्या घरात ती आणि सासू, दोघीच. यावर ती कधी बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. आमच्याकडे ज्याच्या घरातला माणूस परत आला नाही त्याला कुणी विचारत नाही, आणि अशी घरं निम्मी.

बोलायला मात्र ती रोकठोक. तक्रार घेऊन आलेली बाई टेबलासमोर उभी राहून हुंदके द्यायला लागली की धनकुमारी बसायचा पिर्का ओढून तिला शेजारी बसवायची आणि म्हणायची, "रडून घे. तोवर मी भत्त्याचे कागद उरकते." मग मान खालीच ठेवून विचारायची. कशानं मारलं? कुठं मारलं? कुणी पाहिलं? आज रात्री कुठं झोपणार? शेवटचा प्रश्न सरकारी नमुन्यात नाही, तो तिनेच घातलेला. बाई सांगायची, ही लिहायची, मग दोन्ही अंगठ्यांना शाई लावून कागदावर दाबायची. बायकांना तिचा राग यायचा, पण यायच्या तिच्याकडेच.

मग आमच्या पालिकेने घरगुती हिंसामुक्त वॉर्ड जाहीर करायचं ठरवलं. उघड्यावर शौच मुक्त झालं, बालविवाह मुक्त झालं, आता हे. बारा महिने मारहाणीची एकही तक्रार दर्ता झाली नाही की वॉर्ड मुक्त. मोठी पाटी लागणार, रस्त्याच्या कामात पहिला नंबर मिळणार. आमचे वॉर्डाध्यक्ष तोयानाथ यांनी आम्हा दोघांना बोलावून सांगितलं, "आजपासून टेबलावर तशी तक्रार दिसायला नको."

धनकुमारीने विचारलं, "मारायचं बंद करा असं घराघरांत सांगितलंय का कुणी?"

तोयानाथ हसले. "बहिनी, तू आहेस ना. समजावून मिटव. एवढी जीभ आहे तुला."

मी "जी, अध्यक्षजी" म्हटलं. मी नेहमी तेच म्हणतो.

धनकुमारीने तोड काढली. बाई आली की सुवाच्य अक्षरात अर्ज लिहून द्यायचा आणि खालच्या सहा नंबरच्या वॉर्डात पाठवायचं. दोन महिने हे चाललं. एके दिवशी तिथल्या सचिवाचा मला फोन आला. "काय हो भेषदाजू, तुमच्या वॉर्डातल्या बायका आमच्या हद्दीत येऊन मार खातात का?" मी हसलो, पण मनातून खजील झालो. धनकुमारीला सांगितलं, हे बंद कर. तिने बंद केलं. त्यानंतर बायका येईनाशा झाल्या. गावात मारहाण होतच होती. माझ्या घराच्या खालच्या अंगणातून मला ऐकू यायची, आणि मी रेडिओ लावायचो.

पुस महिन्यात लालसरी गाहा आली. अकरावा महिना चालू होता. सव्वीस-सत्तावीसची बाई, एका कानाने ऐकू येत नव्हतं. नवरा खिमबहादूर टिपर चालवायचा, निवडणुकीत तोयानाथांची माणसं त्याच टिपरमधून मतदानाला गेली होती. जिल्हा रुग्णालयात अशा बायकांसाठी सरकारने एक खोली ठेवली आहे. तिथे औषधपाणी होतं, पोलीस जबाब घ्यायला तिथेच येतात, वकील मिळतो, आणि घरी जायची सोय नसेल तर निवारा घरात पाठवतात. कायद्याने रिकाम्या हाती गेलं तरी घ्यायला हवं. लालसरी एकदा गेली होती. खिडकीवरच्या माणसाने तिला वॉर्डाचं पत्र आण म्हणून परत पाठवलं. सहा तासांची बस करून ती परत आली आणि उशीर का झाला म्हणून पुन्हा मार खाल्ला.

पत्राला दर्ता नंबर लागतो, म्हणजे तक्रार वहीत चढणार. धनकुमारी उठून माझ्या खोलीत आली.

"सर, ही बाई जगायची नाही."

"सव्वा महिन्यावर आलंय," मी म्हटलं. "फागुनात समारंभ होऊ दे. दुसऱ्या दिवशी पहिला नंबर हिचा. माझा शब्द."

ती तशीच उभी होती. मी फाइल उघडली. ती बाहेर गेली आणि लालसरीला म्हणाली, "फागुनपर्यंत जीव सांभाळ. सचिवसरांनी शब्द दिलाय." लालसरीने मान हलवली आणि घरी गेली. माझा शब्द घेऊन ती त्या माणसाच्या घरात सव्वा महिना राहिली. हे आज मी सरळ लिहू शकतो. तेव्हा मला फक्त ते टेबल रिकामं झाल्याचं बरं वाटलं होतं.

समारंभ झाला. पंचेबाजा वाजला, मुलींनी माळा घातल्या, पाहुण्यांच्या गळ्यात मानाचे रेशमी खादा पडले. प्रत्येक घरातून एक बाई चौबंदी चोलो घालून आलीच पाहिजे असा निरोप होता. लालसरीही दुसऱ्या रांगेत बसली होती. खुर्च्या खिमबहादूरच्या टिपरमधून आल्या होत्या. पाटीवरचं कापड ओढलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लालसरीने हात मांडीवरून उचलले नाहीत. मला वाटलं, रुसली असेल. तिचे हात वर होत नव्हते, हे मला पुढे रुग्णालयाच्या कागदावरून कळलं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला ती दारात हजर. चालताना एका बाजूला वाकलेली, ओठ फाटलेला. तोयानाथ नेमके चहा पीत बसलेले. त्यांनी तिला पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"सचिवजी, पाटी लावून एक दिवस झाला नाही. आता तीन वर्षं टिकवायचीय, नाहीतर काढून नेतील. खिमेला मी सांगतो दोन शब्द."

तोयानाथ गेले. धनकुमारी माझ्याकडे बघत राहिली. मी खिशातून फोन काढला आणि त्यात बघू लागलो. त्यावर काहीही नव्हतं. मग मी माझ्या खोलीत गेलो आणि दार लोटून घेतलं. बाहेरून तिचा आवाज येत होता. कशानं मारलं, कुठं मारलं. मला वाटलं, ऐकून घेतेय, सवयीने.

एक वाजता मी दुपारचा खाजा खात होतो, चिउऱ्याचे पोहे आणि भाजलेल्या भटमासाचे दाणे. धनकुमारीने रोजचा गठ्ठा आणला. तीस-चाळीस कागद, सहीची जागा वर येईल असे दुमडलेले. ही आमची पद्धत होती. ती कागद सरकवायची, मी डाव्या हाताने खात उजव्याने सही करायचो. आठ वर्षांत मी एकही कागद उलगडून पाहिला नव्हता, तिचं काम चोख असायचं. त्या दिवशीही मी सह्या केल्या. दोनच्या बसने लालसरी गेली.

चार दिवसांनी रुग्णालयातून फोन आला. बाई बोलत होत्या, बहुधा परिचारिका. बरगड्या मोडलेल्या, आत रक्त साठलेलं, आणखी दोन दिवस गेले असते तर हाती काही लागलं नसतं. "तुमच्या वॉर्डाचं पत्र होतं म्हणून लगेच घेतलं," त्या म्हणाल्या, "नाहीतर आमच्या खिडकीवर काय चालतं ते आम्हालाही माहितीय. सचिव तुम्हीच ना? चांगलं केलंत."

मी म्हटलं, "हो."

संध्याकाळी खिमबहादूरला पोलीस घेऊन गेले आणि सकाळी तोयानाथ वही घेऊन बसले. नंबर होता, तारीख होती, शिक्का होता. तारीख समारंभाच्या दुसऱ्याच दिवसाची.

"सही कुणाची ही?"

"माझी," मी म्हटलं. "पण मी वाचलं नव्हतं. गठ्ठ्यात घातलं होतं."

घोटभर पाण्यालाही वेळ लागतो, हे म्हणायला मला तेवढाही लागला नाही. सगळे धनकुमारीकडे वळले.

"सर वाचत नाहीत," ती म्हणाली. "म्हणून तर घातलं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मला वाईट वाटलं नाही तिने तसं म्हटल्याचं, ते खरंच होतं. लाज वाटायला हवी होती, तीही वाटली नाही. घरी जाऊन आडवं व्हावंसं वाटत होतं, एवढंच. पाटी काढायची की नाही यावर दोन बैठका झाल्या. पत्र वॉर्डाने दिलं असलं तरी तक्रार जिल्ह्यात नोंदली गेली, असा तोडगा निघाला आणि पाटी राहिली. धनकुमारीचा करार असार महिन्याअखेर संपत होता, तो पुढे गेला नाही. शेवटच्या दिवशी तिने नव्या मुलीला शिक्क्याची गादी कशी ओली ठेवायची ते दाखवलं, कपाटाची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली, आणि "येते, सर" म्हणून गेली. मी "बस ना, चहा घे" म्हणायला तोंड उघडलं तोवर ती पायऱ्या उतरली होती.

मंगसीर महिन्यात लालसरी आली. अंगाने जरा भरली होती. निवारा घरातून सुटून ती शहरात एका शिवणाच्या खोलीत कामाला लागली होती, तिला बसाई सरल्याचा, म्हणजे राहतं ठिकाण बदलल्याचा, दाखला हवा होता. टेबलाशी थांबून तिने नव्या मुलीकडे पाहिलं आणि मग माझ्या खोलीत आली. हातात पिशवी.

"दिदी नाहीत?"

"नाहीत. सोडलं काम."

"का हो?"

"घरी सासू आजारी," मी म्हटलं.

तिने पिशवी टेबलावर ठेवली. संत्री होती, पानांसकट.

"सर, त्या दिवशी मी पत्र घेऊन निघतच नव्हते. म्हटलं, टेबलावरच्या बाईचा कागद, पुन्हा हाकलतील. दिदी म्हणाल्या, हा माझा कागद नाही. सचिवसरांनी दोनदा वाचला. अध्यक्ष नको म्हणतात हे माहीत असून वाचला. मग म्हणाले, माझी नोकरी गेली तरी चालेल, ही बाई रुग्णालयात पोचायला हवी, आणि सही केली. म्हणून मी बसमध्ये चढले, सर. माझ्यासाठी असं कुणी कधी म्हटलं नव्हतं."

तिने हात जोडले. आता ते वरपर्यंत येत होते.

मी मान हलवली. नव्या मुलीने दाखला आणला, मी तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आणि सही केली. संध्याकाळी संत्री घरी नेली. बायकोने सोलता सोलता विचारलं, कुणी दिली. मी म्हटलं, एका बाईचं काम केलं होतं.